आळशी डोळा

आळशी डोळा हा बालवयात निर्माण होणारा दृष्टिदोष आहे. शास्त्रीय परिभाषेत त्यास मंददृष्टिता किंवा ॲम्ब्लिओपिया असे म्हणतात. या दोषात डोळ्याची रचना बहुधा निरोगी दिसते, परंतु त्या डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या प्रतिमेचा उपयोग करण्यास मेंदू पुरेसा शिकलेला नसतो. त्यामुळे योग्य क्रमांकाचा चष्मा लावूनही त्या डोळ्याने स्पष्ट दिसत नाही. सामान्यतः हा दोष एका डोळ्यात असतो, क्वचित दोन्ही डोळ्यांत आढळतो. ॲम्ब्लिओपिया हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ ‘बोथट दृष्टी’ असा होतो.

जगातील निरनिराळ्या पाहण्यांनुसार दर १०० मुलांमागे साधारणपणे १ ते ५ मुलांत हा दोष आढळतो. प्रमाण २ टक्के धरले, तरी ५० मुलांच्या वर्गात असे एखादे मूल असण्याची शक्यता असते. बालपणी एका डोळ्याची दृष्टी कमी असण्याच्या कारणांत आळशी डोळा हे प्रमुख कारण होय. वेळीच लक्षात आल्यास चष्मा, डोळ्यावरील पट्टी अथवा औषधाचे थेंब अशा साध्या उपायांनी तो बऱ्याच अंशी सुधारतो. उशीर झाल्यास मात्र ते नुकसान सहसा आयुष्यभर टिकते.

नावाविषयी

‘आळशी डोळा’ हे नाव रूढ असले तरी ते काहीसे दिशाभूल करणारे आहे. यात मुलाचा आळस नसतो आणि डोळ्याचाही नसतो. उणीव असते ती डोळा आणि मेंदू यांच्यातील संबंध दृढ होण्यात. बोलभाषेत तिरळ्या व्यक्तीस चकणा किंवा हेकणा म्हणतात आणि पुष्कळदा तिरळेपणा व आळशी डोळा हे एकच समजले जातात. वस्तुतः या दोन भिन्न गोष्टी आहेत. तिरळेपणा म्हणजे दोन्ही डोळ्यांची दिशा एक नसणे. आळशी डोळा म्हणजे एका डोळ्याच्या दृष्टीचा विकास खुंटणे. तिरळेपणामुळे आळशी डोळा होऊ शकतो. पण अगदी सरळ दिसणारे डोळे असलेल्या मुलातही आळशी डोळा असू शकतो, आणि असे मूल ओळखणेच अधिक कठीण असते.

दृष्टीचा विकास

नवजात बालकाला जन्मतः प्रौढाइतके स्पष्ट दिसत नाही. डोळ्यात शिरणारा प्रकाश स्वच्छमंडल आणि नेत्रभिंग यांतून वळून दृष्टिपटलावर प्रतिमा उमटवतो. तेथून संवेदना नेत्रतंत्रिकेद्वारे मेंदूच्या मागील भागातील दृष्टिकेंद्रात पोहोचतात. दोन्ही डोळ्यांकडून आलेल्या किंचित भिन्न प्रतिमा मेंदू एकत्र करतो. या एकीकरणामुळेच वस्तू किती दूर आहे आणि तिला किती खोली आहे, याचा सूक्ष्म अंदाज येतो.

हे कार्य मेंदू अनुभवातून शिकतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत हे शिक्षण सर्वाधिक वेगाने होते आणि साधारण सात-आठ वर्षांपर्यंत दृष्टिकेंद्राची घडण बदलण्याजोगी राहते. या काळास संवेदनशील कालखंड म्हणतात. या काळात एका डोळ्याची प्रतिमा सतत धूसर असेल, अथवा दोन डोळे दोन भिन्न वस्तूंकडे पाहत असतील, तर मेंदूपुढे दोन न जुळणाऱ्या प्रतिमा येतात. गोंधळ टाळण्यासाठी मेंदू एक प्रतिमा दुर्लक्षित करू लागतो. दुर्लक्ष दीर्घकाळ चालू राहिले की त्या डोळ्याशी जोडलेल्या पेशींचा वाटा कमी होत जातो आणि दुसऱ्या डोळ्याचा वाढतो. नंतर डोळ्यापुढे कितीही उत्तम भिंग धरले तरी प्रतिमा वाचणारा मेंदूच तयार नसल्यामुळे दृष्टी पूर्ण होत नाही.

या प्रक्रियेचा उलगडा डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या शास्त्रज्ञांच्या १९६०च्या दशकातील प्रयोगांतून झाला. त्यांनी मांजरीच्या पिलांची एक पापणी जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बंद ठेवली. पुढे ती उघडली तेव्हा डोळा निरोगी होता. परंतु दृष्टिकेंद्रातील बहुतेक पेशी केवळ उघड्या राहिलेल्या डोळ्यालाच प्रतिसाद देत होत्या. हाच प्रयोग प्रौढ मांजरावर केला असता असा परिणाम झाला नाही. दृष्टीच्या विकासात वयाला इतके महत्त्व का आहे, हे या प्रयोगांनी स्पष्ट केले. दृष्टिसंस्थेतील माहितीप्रक्रियेविषयीच्या संशोधनाबद्दल या दोघांना १९८१ साली, रॉजर स्पेरी यांच्याबरोबर, शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

कारणे व प्रकार

कारणांनुसार आळशी डोळ्याचे तीन मुख्य प्रकार मानले जातात.

तिरळेपणामुळे होणारा प्रकार: एक डोळा सतत आत, बाहेर, वर किंवा खाली वळलेला असेल, तर मेंदू त्याची प्रतिमा दाबून टाकतो. ज्या मुलाचे डोळे आळीपाळीने वळतात, त्याच्या दोन्ही डोळ्यांना वापर मिळत राहिल्याने आळशी डोळ्याचा धोका कमी असतो. एकच डोळा नेहमी वळत असल्यास धोका अधिक असतो.

चष्म्याच्या क्रमांकामुळे होणारा प्रकार: दोन डोळ्यांच्या क्रमांकांत मोठा फरक असल्यास अधिक दोष असलेला डोळा मागे पडतो. यात दूरदृष्टितेचा फरक विशेष घातक ठरतो. दूरदृष्टितेत जवळची वस्तू स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्याला अधिक जोर लावावा लागतो. दोन्ही डोळे एकाच प्रमाणात जोर लावत असल्यामुळे कमी दोषाच्या डोळ्यापुरता जोर लागला की मेंदूचे काम भागते, आणि अधिक दोषाचा डोळा दूर व जवळ दोन्ही अंतरांवर धूसरच पाहत राहतो. याउलट निकटदृष्टितेत अधिक दोषाच्या डोळ्याला निदान अगदी जवळच्या वस्तू तरी स्पष्ट दिसतात; त्यामुळे त्याचा वापर काही प्रमाणात चालू राहतो. दोन्ही डोळ्यांत मोठी दूरदृष्टिता किंवा दृष्टिवैषम्य असून चष्मा लावला नाही, तर दोन्ही डोळे मंददृष्टीचे होऊ शकतात.

प्रकाशमार्ग अडल्यामुळे होणारा प्रकार: जन्मजात मोतीबिंदू, बाहुली झाकणारी लोंबती पापणी किंवा स्वच्छमंडलावरील फूल यांमुळे स्पष्ट प्रतिमा दृष्टिपटलापर्यंत पोहोचतच नाही. हा प्रकार प्रमाणाने कमी, पण सर्वांत गंभीर असतो. दाट जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बालकाच्या वयाच्या पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत होणे इष्ट मानतात. प्रौढाच्या मोतीबिंदूप्रमाणे ‘पिकण्याची’ वाट पाहिल्यास शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही दृष्टी येत नाही. विटी-दांडूतील विटी, फटाके, उसाचे पाते किंवा ज्वारीचे कूस यांनी लहान मुलाच्या डोळ्याला इजा होऊन फूल पडल्यास, तसेच ‘अ’ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावामुळे स्वच्छमंडल खराब झाल्यास, मूळ इजेबरोबर मंददृष्टीचीही भर पडू शकते.

मुदतीपूर्वी किंवा अतिशय कमी वजनाने झालेला जन्म, कुटुंबात तिरळेपणा, आळशी डोळा अथवा बालपणी मोठ्या क्रमांकाचा चष्मा असल्याचा इतिहास, आणि विकासात्मक विलंब या परिस्थितींत धोका वाढतो. अशा मुलांची तपासणी तक्रारीची वाट न पाहता करावी.

लक्षणे

आळशी डोळ्याची सर्वांत मोठी अडचण ही की मूल सहसा तक्रार करीत नाही. जन्मापासून एकाच डोळ्याने नीट पाहणाऱ्या मुलाला दोन डोळ्यांनी कसे दिसते याचा अनुभवच नसतो. तुलनेला काही नसल्यामुळे आपल्याला कमी दिसते हे त्याला उमगत नाही. चांगल्या डोळ्याच्या आधारावर ते वाचते, लिहिते, खेळते, परीक्षेत गुणही मिळवते. म्हणून अभ्यासातील प्रगतीवरून दृष्टीविषयी निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

तरीही पुढील गोष्टी आढळल्यास नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी:

- चार महिन्यांच्या वयानंतरही एक डोळा सतत किंवा अधूनमधून वळलेला दिसणे. त्याआधी डोळे क्षणभर वळणे स्वाभाविक असू शकते.
- एक डोळा झाकताच मुलाने रडणे, हात झटकणे किंवा मान वळवणे. दुसरा डोळा झाकल्यास मात्र शांत राहणे.
- मान एका बाजूला कलती ठेवून पाहणे.
- दूरचित्रवाणीच्या अगदी जवळ बसणे किंवा पुस्तक डोळ्यांजवळ धरणे.
- उन्हात एक डोळा मिटून घेणे.
- झेल घेताना, पायरी उतरताना किंवा पेल्यात पाणी ओतताना अंतराचा अंदाज वारंवार चुकणे.
- एक पापणी बाहुलीवर उतरलेली असणे.

बाहुलीत पांढरी चकाकी दिसणे, विशेषतः छायाचित्रात एका डोळ्यात नेहमीच्या लाल छटेऐवजी पांढरा ठिपका दिसणे, हे तातडीचे लक्षण आहे. ते जन्मजात मोतीबिंदूचे किंवा दृष्टिपटलाच्या कर्करोगाचेही असू शकते. अशा बालकाला विनाविलंब नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.

काही बालकांच्या नाकाचे मूळ रुंद असल्यामुळे डोळे आत वळल्याचा भास होतो. त्यास आभासी तिरळेपणा म्हणतात. तो वाढत्या वयाबरोबर नाहीसा होतो. परंतु भास कोणता आणि खरा दोष कोणता, हे तपासणीशिवाय ठरवू नये.

तपासणी

निदानाचे मूलतत्त्व एकच आहे: प्रत्येक डोळ्याची दृष्टी स्वतंत्रपणे पाहणे. दोन्ही डोळे उघडे ठेवून केलेल्या तपासणीत आळशी डोळा सहसा उघडकीस येत नाही.

बोलू न शकणाऱ्या बालकात डॉक्टर प्रकाशाच्या साहाय्याने दोन्ही बाहुल्यांतील लाल परावर्तन सारखे आहे काय ते पाहतात, प्रकाशाचा ठिपका दोन्ही डोळ्यांच्या मध्यभागी पडतो काय याचे निरीक्षण करतात आणि एकेक डोळा झाकून खेळण्याकडे नजर स्थिर राहते काय ते तपासतात. साधारण तीन वर्षांपासून चित्रांचा तक्ता वापरता येतो. त्यानंतर ‘ई’ अक्षराचा तक्ता उपयोगी पडतो. त्यात अक्षराच्या तीन दांड्या उजवीकडे, डावीकडे, वर की खाली आहेत, एवढेच मुलाने बोटांनी दाखवायचे असते. अक्षरज्ञानाची गरज नसल्यामुळे, जेथे मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमांचीही मुले शिकतात अशा सोलापूरसारख्या शहरात, एकच तक्ता सर्वांना चालतो.

दृष्टितीक्ष्णतेची नोंद ६/६, ६/१२, ६/६० अशी करतात. ६/१२ याचा अर्थ असा, की सर्वसामान्य दृष्टीच्या व्यक्तीला जी ओळ १२ मीटरवरून वाचता येते, ती या मुलाला ६ मीटरवरून वाचता येते. ही पद्धत डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यावर आधारलेली आहे. चष्म्यासह दोन डोळ्यांच्या दृष्टीत तक्त्यावरील दोन किंवा अधिक ओळींचा फरक असणे आणि त्यास डोळ्यातील अन्य आजार कारण नसणे, यावरून आळशी डोळ्याचे निदान केले जाते.

शाळेत तपासणी करताना दोन अडचणी नेहमी येतात. पहिली, मुले बोटांच्या फटीतून पाहतात. म्हणून डोळा बोटांनी न झाकता तळहाताने किंवा पुठ्ठ्याने झाकावा आणि तो दाबला जाणार नाही याची काळजी घ्यावी. दुसरी, रांगेत उभी असलेली मुले आधीच्या मुलाची उत्तरे ऐकून तक्ता पाठ करतात. कार्डावरील ‘ई’ प्रत्येक मुलासाठी फिरवून धरल्यास ही अडचण दूर होते.

चष्म्याचा नेमका क्रमांक काढण्यासाठी लहान मुलांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब किंवा मलम घालणे आवश्यक असते. मुलांचे डोळे जोर लावून दूरदृष्टिता लपवू शकतात. औषधाने तो जोर तात्पुरता थांबतो. औषधाचा प्रभाव असेपर्यंत प्रकाश सहन न होणे व जवळचे धूसर दिसणे स्वाभाविक असते. केवळ यंत्रासमोर बसवून, औषध न घालता दिलेला लहान मुलाचा क्रमांक विश्वासार्ह मानला जात नाही.

उपचार

उपचाराचे दोन टप्पे असतात: प्रथम अधू डोळ्याला स्पष्ट प्रतिमा मिळवून देणे आणि नंतर मेंदूला ती वापरण्यास भाग पाडणे.

चष्मा

मोतीबिंदू किंवा लोंबती पापणी असल्यास प्रथम तो अडथळा शस्त्रक्रियेने दूर करतात. क्रमांक असल्यास चष्मा देतात. तो झोपेची वेळ सोडून दिवसभर वापरायचा असतो. केवळ शाळेत किंवा वाचताना वापरून उपयोग होत नाही. अनेक मुलांमध्ये काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत नुसत्या चष्म्यानेच लक्षणीय सुधारणा होते आणि काहींना पुढील उपचाराची गरजच भासत नाही. म्हणून बऱ्याचदा प्रथम चष्मा देऊन काही काळ प्रगती पाहतात.

पट्टी

चांगला डोळा ठरावीक वेळ झाकून अधू डोळ्याला काम करावयास लावणे, हा सर्वाधिक प्रचलित उपाय आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी १७४३ साली तिरळेपणावरील आपल्या निबंधात या उपायाचे विवेचन केले होते.

पूर्वी दिवसभर पट्टी बांधण्याची पद्धत होती. अमेरिकेतील बालनेत्ररोग संशोधक गटाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत सात वर्षांखालील मुलांची तुलना करण्यात आली. मध्यम प्रतीच्या दोषात, म्हणजे साधारण ६/१२ ते ६/२४ दृष्टी असताना, रोज २ तासांची पट्टी ६ तासांइतकीच गुणकारी ठरली. तीव्र दोषात रोज ६ तासांची पट्टी आणि जवळजवळ पूर्णवेळ पट्टी यांचे परिणाम सारखे आढळले. यामुळे उपचार मुलांना व पालकांना पुष्कळ सुसह्य झाला. प्रत्यक्षात किती तास पट्टी लावावी, हे नेत्रतज्ज्ञ मुलाचे वय व दोषाची तीव्रता पाहून ठरवतात.

पट्टी चष्म्याच्या काचेवर न लावता चष्म्याखाली थेट त्वचेवर चिकटवणे उत्तम. अन्यथा मूल काचेच्या कडेने पाहते आणि उपचार नावापुरता उरतो. सोलापूरसारख्या उष्ण प्रदेशात उन्हाळ्यात घामामुळे पट्टी सुटणे किंवा त्वचेवर पुरळ येणे संभवते. अशा वेळी सकाळी किंवा सायंकाळी घरातील थंड जागी पट्टी लावणे, ती काढताना कडेला खोबरेल तेल लावणे आणि रोज चिकटण्याची जागा थोडी बदलणे उपयोगी पडते.

पट्टी असताना जवळचे बारीक काम करवून घेणे हितावह समजले जाते: चित्र रंगवणे, मणी ओवणे, ठिपके जोडून रांगोळी काढणे, चिंचोके मोजणे किंवा गृहपाठ. मात्र सुरुवातीच्या काळात मुलाला अधू डोळ्याने फारच कमी दिसत असल्याने पट्टी लावून सायकल चालवणे, रस्ता ओलांडणे, जिना चढणे-उतरणे यांवर लक्ष ठेवावे लागते.

ॲट्रोपीन

पट्टी सहन न करणाऱ्या मुलांसाठी चांगल्या डोळ्यात ॲट्रोपीनचे थेंब घालतात. त्यामुळे त्या डोळ्याला जवळचे धूसर दिसते आणि मूल जवळच्या कामासाठी अधू डोळा वापरू लागते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यम दोषात सहा महिन्यांनंतर पट्टी व ॲट्रोपीन यांचे परिणाम जवळपास सारखे आढळले. पट्टीने सुधारणा काहीशी लवकर सुरू झाली. पुढील अभ्यासात आठवड्यातून दोनच दिवस थेंब घालणेही रोजच्याइतकेच परिणामकारक ठरले. धोत्र्यातही आढळणारे हे द्रव्य पोटात गेल्यास विषारी असते. म्हणून बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. ताप, चेहरा लाल होणे किंवा असंबद्ध बडबड अशी लक्षणे दिसल्यास औषध थांबवून तात्काळ डॉक्टरांना दाखवावे.

अन्य उपचार

दोन डोळ्यांना भिन्न प्रतिमा दाखवून त्यांना एकत्र काम करावयास लावणारे संगणकीय उपचारही विकसित झाले आहेत. अशा एका उपचाराला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी मान्यता दिली. तथापि चष्मा, पट्टी आणि ॲट्रोपीन हेच अद्याप उपचारांचे मुख्य आधार आहेत.

तिरळेपणावरील शस्त्रक्रियेने डोळे सरळ होतात. परंतु केवळ त्यामुळे आळशी डोळ्याची दृष्टी वाढत नाही. सामान्यतः आधी दृष्टी सुधारून मग शस्त्रक्रिया करतात, आणि तीनंतरही गरजेनुसार पट्टी चालू ठेवतात.

पाठपुरावा

उपचार काही महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक काळ चालतो. ठरलेल्या तारखेला तपासणी आवश्यक असते, कारण चांगला डोळा अतिरिक्त काळ झाकल्यास क्वचित त्याचीच दृष्टी कमी होऊ शकते. उपचार थांबवल्यानंतर पहिल्या वर्षभरात सुमारे एक चतुर्थांश मुलांत दोष काही प्रमाणात परततो. म्हणून पट्टी एकदम बंद न करता तास हळूहळू कमी करतात व नंतरही तपासणी चालू ठेवतात.

वयाचे महत्त्व

सात वर्षांपूर्वी सुरू केलेला उपचार सर्वाधिक फलदायी ठरतो. त्यानंतर काहीच करता येत नाही, ही समजूत मात्र पूर्णतः बरोबर नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ७ ते १७ वर्षे वयाच्या ५०७ मुलांच्या अभ्यासात, ७ ते १२ वयोगटात चष्म्याबरोबर पट्टी व ॲट्रोपीन दिलेल्यांपैकी ५३ टक्के मुलांत अपेक्षित सुधारणा झाली. नुसता चष्मा दिलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होते. १३ ते १७ वयोगटात पूर्वी कधीच उपचार न झालेल्यांना काही लाभ झाला. तात्पर्य, मूल मोठे झाले म्हणून प्रयत्न सोडू नये. पण मूल मोठे होण्याची वाट तर मुळीच पाहू नये.

दूरगामी परिणाम

एका डोळ्याने दैनंदिन व्यवहार चालतो, हे खरे. परंतु अपघात किंवा आजाराने चांगला डोळा गेल्यास अशी व्यक्ती अचानक परावलंबी होते. ब्रिटनमधील २००२ सालच्या अभ्यासानुसार आळशी डोळा असलेल्या व्यक्तीला आयुष्यात कधीतरी चांगल्या डोळ्याची दृष्टी गंभीरपणे गमावण्याचा धोका किमान १.२ टक्के असतो.

दुसरा परिणाम उपजीविकेचा आहे. सैन्य, पोलीस, रेल्वे अशा सेवांच्या वैद्यकीय चाचणीत प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासला जातो. भरतीसाठी वर्षानुवर्षे धावण्याचा सराव केलेल्या तरुणाला आपला एक डोळा अधू असल्याचे त्या चाचणीतच प्रथम कळते, असे घडते. आणि तेव्हा उपचाराचा अनुकूल काळ उलटून गेलेला असतो. दुसरीकडे, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक आहे. दुसरा डोळा उत्तम असल्यास केवळ एका डोळ्याच्या अधूपणाने ही मर्यादा गाठली जात नाही. त्यामुळे अशी व्यक्ती काही नोकऱ्यांसाठी अपात्र ठरते, तर दिव्यांगांच्या सवलतींनाही पात्र ठरत नाही.

भारत व महाराष्ट्रातील व्यवस्था

भारतात १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याअंतर्गत प्रशिक्षित शिक्षक विद्यार्थ्यांची प्राथमिक दृष्टितपासणी करतात, संशयित मुलांची तपासणी नेत्रविभागाचे कर्मचारी करतात आणि गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मे दिले जातात. ही तपासणी निकटदृष्टिता शोधण्यास फार उपयुक्त आहे. परंतु वरच्या इयत्तांत होणारी तपासणी आळशी डोळ्यासाठी उशिराची ठरते. या दोषाच्या दृष्टीने अंगणवाडी आणि पहिली-दुसरीचे वय कळीचे आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रात, तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांतील जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वादींची कमतरता आणि विकासात्मक विलंब शोधणे, हा त्याचा हेतू आहे. जन्मजात मोतीबिंदू, मुदतपूर्व जन्मलेल्या बालकांतील दृष्टिपटलाचा विकार आणि दृष्टिदोष यांचा त्यात समावेश होतो. फिरती आरोग्य पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची वर्षातून एकदा तपासणी करतात, अशी योजना आहे. पुढील उपचारांसाठी मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे व रुग्णालयांकडे पाठवले जाते.

सोलापुरात १९६३ साली स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यास संलग्न श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हे जिल्ह्यातील प्रमुख शासकीय उपचारकेंद्र आहे. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यात सोलापूरचा समावेश होता. हीच योजना २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसते, याची माहिती रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून घ्यावी.

उपचारातील खरी अडचण बहुधा सातत्याची असते. ऊसतोडणीच्या हंगामात गाव सोडून फडावर जाणाऱ्या कुटुंबातील मुलाचा चष्मा तुटला किंवा पट्ट्या संपल्या, तर सहा-सहा महिने उपचारात खंड पडतो. यंत्रमाग किंवा विडी व्यवसायात रोजंदारीवर काम करणाऱ्या पालकांसाठी तपासणीचा प्रत्येक दिवस हा बुडालेल्या मजुरीचा दिवस असतो. अशा मुलांच्या बाबतीत पुढील तपासणीची तारीख आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका आणि वर्गशिक्षक यांना माहीत असणे उपयुक्त ठरते. स्थलांतरापूर्वी चष्म्याच्या चिठ्ठीची एक प्रत मुलाबरोबर देणेही हितकारक होय.

शाळेची भूमिका

डोळ्यावर पट्टी लावून येणाऱ्या मुलाला वर्गात टोपणनावे पडतात आणि चिडवण्याच्या भीतीने ते पट्टी काढून दप्तरात ठेवते. शिक्षकांनी वर्गाला पट्टीचे कारण सोप्या शब्दांत सांगितल्यास चेष्टा बहुधा थांबते. त्या काळात मुलाला पुढच्या बाकावर बसवावे, फळ्यावरील अक्षर मोठे काढावे आणि लेखन पूर्ण करण्यास थोडा अधिक वेळ द्यावा. शक्य असेल तेथे पट्टीचे तास घरी ठेवता येतील काय, याविषयी पालकांनी डॉक्टरांशी बोलावे.

प्रचलित गैरसमज

‘मोठेपणी तिरळेपणा आपोआप जातो’: खरा तिरळेपणा सहसा आपोआप जात नाही, आणि वाट पाहण्यात उपचाराचा काळ निघून जातो.

‘तिरळा डोळा भाग्याचा’: अशा समजुतीमुळे तपासणी लांबणीवर पडते. तिरळेपणाचा भाग्याशी संबंध नाही.

‘लहानपणी चष्मा लावला की क्रमांक वाढतो’: चष्म्याने क्रमांक वाढत नाही. आळशी डोळ्यात तर चष्मा हेच औषध असते.

‘मुलीला चष्मा लागला तर लग्नात अडचण येईल’: या भीतीने चष्मा टाळल्यास मुलीची दृष्टी कायमची अधू राहते.

‘गाजर, पालेभाज्या किंवा डोळ्यांत मध घातल्याने दृष्टी येते’: ‘अ’ जीवनसत्त्वयुक्त आहार डोळ्यांच्या आरोग्यासाठी आवश्यक आहे, पण तो आळशी डोळ्याचा उपचार नव्हे. डोळ्यांत मध किंवा झाडपाल्याचा रस घातल्याने जंतुसंसर्ग होऊन स्वच्छमंडलावर फूल पडू शकते.

प्रतिबंध

आळशी डोळ्याची सर्व कारणे टाळता येत नाहीत. मात्र त्यांपासून होणारे नुकसान मोठ्या प्रमाणात टाळता येते. जन्मानंतर रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी बालकाच्या बाहुलीतील लाल परावर्तन पाहणे, मुदतपूर्व बालकांची दृष्टिपटल तपासणी वेळेवर करणे, तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान प्रत्येक मुलाची एकदा तरी एकेक डोळा झाकून तपासणी करणे आणि शाळेत दाखल होताना ती पुन्हा करणे, ही त्यातील मुख्य पावले होत. घरीही मुलाचा एकेक डोळा तळहाताने झाकून समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेतील आकडे किंवा चित्रे ओळखण्यास सांगता येते. दोन्ही डोळ्यांच्या उत्तरांत फरक जाणवल्यास नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. या घरगुती चाचणीत फरक न आढळणे हा मात्र डोळे निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. नियमित तपासणीला तो पर्याय ठरत नाही.